सत्तावीस आणि इप्पत्तेळु : दुसरीच्या वर्गातील संख्यावाचन

बेळगाव भागातील मराठी शाळेत दुसरीच्या वर्गाला गणित शिकवताना एक गोष्ट मला दरवर्षी आढळते. ‘सत्तावीस लिहा’ म्हटले की काही मुले ७२ लिहितात. पालकांना हा निष्काळजीपणा वाटतो. माझ्या मते मूल येथे फार लक्षपूर्वक ऐकत असते. ‘सत्तावीस’ या शब्दात सात आधी येतात, वीस नंतर. लिहिताना मात्र आधी २, मग ७. मूल जसे ऐकते तसे लिहिते.

‘इंग्रजीतच सांगा, तिथे तो चुकत नाही,’ असे पालक सुचवतात. इंग्रजीत वीस आधी उच्चारतात, त्यामुळे हे म्हणणे निराधार नाही. पण हा मार्ग धरला की मराठी संख्यानामे मुलाच्या तोंडातून सर्वांत आधी जातात. मग आजीचे ‘सव्वासात’ आणि दुकानदाराचे ‘अडीचशे’ त्याला परके होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी फोड करून संख्या वाचण्याची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात बराच वाद झाला. मला ती फोड शिडीसारखी वाटते. चढायला ती हवी, पण माळ्यावर पोचल्यावर ‘सत्तावीस’ हाच शब्द हाती राहिला पाहिजे.

आमच्या मुलांकडे ही शिडी आधीच असते. बाजारात, बसमध्ये ती कानडी ऐकतात. कानडीत २७ म्हणजे ‘इप्पत्तेळु’ : इप्पत्तु म्हणजे वीस, एळु म्हणजे सात. अंक लिहिण्याचा क्रमही हाच. म्हणून मी वर्गात विचारते, “भाजीवाल्या अक्का सत्तावीस रुपये कसे मागतात?” उत्तर लगेच येते. मग फळ्यावर दोन घरे आखते, डावे दशकाचे, उजवे एककाचे. दहाच्या दोन नोटा डाव्या घरात, रुपयाची सात नाणी उजव्या घरात. कानडी शब्द म्हणताना बोट डावीकडून उजवीकडे जाते, मराठी शब्द म्हणताना उजवीकडून डावीकडे. पैसे तेच, वाचायची दिशा वेगळी. हे एकदा डोळ्यांनी दिसले की मूल ‘सत्ता’ ऐकून ७ उजव्या घरात ठेवते आणि ‘वीस’ची वाट पाहते. काही दिवसांनी घरे पुसली तरी चालते.

हैदराबादच्या मराठी मुलांना तेलुगूतील ‘इरवै एडु’ असाच उपयोगी पडेल. इंदूर, ग्वाल्हेर किंवा वडोदऱ्यात मात्र हा पूल मिळणार नाही. हिंदी ‘सत्ताईस’ आणि गुजराती ‘सत्तावीस’ यांतही सात आधीच येतात. तेथे नोटा-नाण्यांवरच भर द्यावा लागेल.

दुसरी अडचण ‘एकोण’ची. एकोणतीस ऐकून मूल ३९ लिहिते, कारण त्याला ‘तीस’ ऐकू येते. येथे मी घड्याळाकडे वळते. “पावणेआठची बस” मुलांना ठाऊक असते : आठ वाजायला पाव तास कमी. ‘पाऊण’मध्ये आणि ‘एकोण’मध्ये एकच जुना शब्द दडला आहे, ‘ऊन’, म्हणजे कमी. पावणेआठ म्हणजे आठाला पाव कमी, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. तीस रुपये मांडून एक नाणे उचलायला लावले की हे पटते. पुढे एकोणचाळीस, एकोणपन्नास मुले स्वतःच रचतात. वजाबाकीचा धडा येण्याआधीच शब्दाने त्यांना वजाबाकी शिकवलेली असते. हिंदी ‘उनतीस’ आणि गुजराती ‘ओगणत्रीस’ यांची बांधणी अशीच आहे, त्यामुळे हा पूल इंदूर-वडोदऱ्यातही टिकतो.

नव्व्याण्णवपाशी मात्र कोणीतरी विचारतेच, “बाई, एकोणशंभर का नाही?” हा प्रश्न आला की मी समजते, नियम मुलाला कळला आहे. अपवाद खटकायला आधी नियम अंगी मुरावा लागतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. बेचाळीसमध्ये चाळीस स्पष्ट ऐकू येतात आणि ‘बे’ पाढ्यातून ओळखीचा असतो. पण बावन्नमध्ये पन्नास आणि बाहत्तरमध्ये सत्तर सहज सापडत नाहीत. असे शब्द रोजच्या म्हणण्यातून, खेळातून कानात बसवावे लागतात. तेथे स्पष्टीकरणापेक्षा सराव बरा.

शिक्षकमित्रांना माझी विनंती एवढीच : २७ च्या जागी ७२ दिसले तर लाल रेघ मारण्यापूर्वी मुलाला ती संख्या मोठ्याने म्हणायला सांगा, आणि घरी, बाजारात, बसमध्ये तीच संख्या ते कशी ऐकते हेही विचारा. पुढचा धडा कोठून सुरू करायचा, ते त्या उत्तरातून कळते.