सोळावी ब्रिगेड आणि आमच्या चावडीतील पाटी
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली आहे. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि किती कामास आली, एवढेच तिच्यावर कोरले आहे. नावे नाहीत. लहानपणी आम्ही त्या पाटीखाली गोट्या खेळलो. ती वाचून दाखवणारे आमच्या घरात कोणी नव्हते. महाविद्यालयात इतिहास विषय घेतला, तेव्हा प्रथमच प्रश्न पडला : ही माणसे गेली तरी कोठे?

मराठा पलटणींत मुख्यतः कोकणातले व देशावरचे शिपाई असत. त्यांतील काही पलटणी सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये गेल्या. त्या डिव्हिजनची सोळावी ब्रिगेड सर्वांत आधी निघाली. ब्रिगेड म्हणजे साधारणतः चार पलटणींचा गट. या ब्रिगेडमध्ये एक गोरी पलटण, दुसरी डॉर्सेट, आणि तीन हिंदी पलटणी होत्या : 20 पंजाबी, 104 वेलस्ली रायफल्स आणि 117 मराठा. सेनापती होते डिलमेन.

ऑक्टोबर 1914 मध्ये ही ब्रिगेड मुंबईहून जहाजाने निघाली आणि 6 नोव्हेंबरला फाव येथे उतरली. इराणच्या आखाताजवळील तेलाचे रक्षण करणे व तुर्कांना शह देणे हा ब्रिटिशांचा हेतू होता. त्याच महिन्यात बसरा पडले. एप्रिल 1915 मध्ये शैबा येथे तीन दिवस लढाई झाली. चहूकडे पुराचे पाणी असल्याने कुमक व सामान होड्यांतून न्यावे लागले. अखेरच्या दिवशी डॉर्सेट पलटण संगिनी रोखून धावली, तिच्यासोबत हिंदी शिपाईही धावले आणि तुर्कांची फळी मोडली.

येथवर यशच यश होते. त्या यशानेच घात केला. बगदाद घेण्याच्या मोहाने सेनापती टाउनशेंड यांना तैग्रीस नदीने वर वर पाठवण्यात आले. पण पुरेशा बोटी, दवाखाने आणि रसद मागून गेली नाही. 22 नोव्हेंबर 1915 पासून टेसिफोन येथे झालेल्या लढाईत साडेचार हजारांच्या आसपास माणसे जखमी वा ठार झाली. फौज मागे फिरून कुत गावी आली आणि 7 डिसेंबरला तेथे वेढली गेली.

वेढा 147 दिवस चालला. धान्य संपत आले तसे घोडे कापावे लागले. अनेक हिंदी शिपायांनी धर्म व जातीच्या भयाने ते मांस बराच काळ नाकारले. ताज्या भाजीपाल्याअभावी हिरड्या सुजल्या, अंगात त्राण उरले नाही. गावी परतल्यावर आपल्याला वाळीत टाकतील ही भीती भुकेपेक्षा मोठी ठरावी, याचा आपण विचार केला पाहिजे. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13 हजार माणसे शरण गेली. कैदेतील उन्हातान्हाच्या पायपिटीत आणि मजुरीच्या छावण्यांत हजारो मेली. 1917 साली चौकशी आयोगाने वाहतूक व औषधपाण्याच्या व्यवस्थेवर कडक ठपका ठेवला.

युद्धानंतर 117 मराठा पलटणीला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. परंतु बसऱ्याच्या स्मारकावर 1929 साली गोऱ्या शिपायांची व हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा फक्त आकडा. याबद्दल युद्धस्मारकांचे काम पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने 2021 मध्ये क्षमा मागितली. म्हणजे तेथेही आमच्या चावडीसारखाच हिशेब!

मरण सारखे आणि नोंद मात्र निराळी, हे मला फार लागले. गेल्या सुट्टीत मी आजीजवळ बसलो. तिने आठवून दोन नावे सांगितली. एकाची बायको जन्मभर वाट पाहत होती म्हणे. ती नावे मी वहीत लिहिली आहेत. मित्रहो, आपल्या गावीही अशी पाटी असेल तर जरूर वाचा, आणि घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारा. आपण शिकलो त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.