स्टीलचा स्नेअर घ्यायला निघालेल्या भाच्यास

भाचेबुवा,

पहिला स्वतःचा स्नेअर ड्रम स्टीलचा घ्यायचं ठरवलंस, बरं केलंस. लाकडाचा मऊ बोलतो, पितळेचा भरदार बोलतो, पण दोन्ही खिशाला चाट लावतात. स्टीलच्या पत्र्याला ना पितळेचा भाव, ना मेपलचे थर चिकटवण्याची मजुरी. पत्रा कापायचा, गोल वळवायचा, सांधा वेल्ड करायचा, कडा आत दाबायच्या, वरून क्रोम चढवायचा, झालं. म्हणून पहिली गोष्ट कानात घालून ठेव: स्वस्त आणि महाग स्टीलच्या स्नेअरमध्ये पत्र्याचा फरक फार थोडा असतो. दोन्हींचा पत्रा बहुधा एक मिलिमीटरच्या आसपासच असतो. फरक असतो तो त्या पत्र्याला जे जे लटकवलंय त्यात. रिम, रॉड, थ्रो-ऑफ, खालच्या तारा आणि स्किन. दुकानदार तुला चकाकी दाखवणार. तू बाकीचं बघायचं.

‘स्टील म्हणजे शिकाऊ पोरांचा ड्रम’ असं तुझे मित्र म्हणतील, त्यांच्या नादी लागू नकोस. रेड हॉट चिली पेपर्सचा ड्रमर चॅड स्मिथ हा काही शिकाऊ माणूस नव्हे. पर्ल कंपनीने त्याच्या नावाने काढलेला स्नेअर चौदा बाय पाचचा, स्टीलचाच आहे, वर काळं निकेल चढवलेलं. आता याची उलटी गंमत बघ. लेड झेपलिनच्या जॉन बोनमचा स्नेअर ऐकून लोक ‘काय स्टीलचा आवाज!’ म्हणतात. तो लुडविगचा सुप्राफोनिक, साडेसहा इंच खोलीचा, आणि त्याचं शेल ॲल्युमिनियमचं. वर क्रोम असल्यामुळे सगळे फसतात. क्रोमखाली काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी खिशात लोहचुंबक ठेव. फ्रिजवर चिकटवायचा असतो तो चालतो. शेलला चिकटला तर पोलाद. चिकटला नाही तर ॲल्युमिनियम किंवा पितळ असू शकतं, स्टेनलेसचे काही प्रकारही चुंबकाला दाद देत नाहीत. जुन्या बाजारात ‘पितळी आहे साहेब’ म्हणून जास्तीचे पैसे मागणारा भेटला, की चुंबक काढायचा. पुढची घासाघीस आपोआप होते.

मापाचा घोळ घालू नकोस. व्यास चौदा इंच, त्यात तडजोड नाही. तेरा इंचाचे, दहा इंचाचे सुंदर टणटणीत स्नेअर मिळतात, पण ते दुसरे म्हणून घ्यायचे. चौदाची स्किन, चौदाची रिम आणि चौदाच्या तारा कुठल्याही गावात मिळतील. ऐन कार्यक्रमाच्या दुपारी स्किन फाटली की या वाक्याची किंमत कळते. खोली साडेपाच किंवा साडेसहा. साडेपाच चपळ आहे, हलका हात ऐकू येतो. साडेसहाला पोट आहे, पण ते पोट जोरात वाजवल्याशिवाय हलत नाही. तुझा हात अजून हलका आहे, साडेपाच घे.

आणि बॅन्डवाल्यांचा साइड ड्रम स्वस्तात मिळतोय म्हणून उचलून आणू नकोस. मेरठच्या जली कोठीत बॅन्डची वाद्यं पिढ्यानपिढ्या बनतात, तिथली नादिर अली कंपनी तर 1885 पासूनची. वरातीत, शाळेच्या संचलनात तो माल चोख काम देतो. पण तो ड्रम गळ्यात अडकवून उघड्या रस्त्यावर वाजवायचा. तो किटमध्ये दोन गुडघ्यांच्या मध्ये बसवलास की ना खोली जमते, ना स्टँड, ना तारांचा प्रतिसाद.

आता दुकानात. मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोजसारखं 1865 पासूनचं दुकान आहे, तिथे आठ-दहा स्नेअर एका ओळीत वाजवून बघता येतात. नवा ड्रम कोणी उघडून दाखवणार नाही, ठीक आहे. जुना घेत असशील तर मात्र ड्रमची चावी सोबत ने आणि दोन्ही स्किन काढायला लाव. मालक कां कू करायला लागला तर तिथूनच परत फिर.

स्किन निघाल्या की आधी सांधा शोध. आतल्या बाजूने वरपासून खालपर्यंत वेल्डची एक उभी रेघ दिसते. तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरव. मधे थोडं खरबरीत लागलं तरी हरकत नाही, पण ती रेघ जिथे कडेला येऊन मिळते तिथे नख अडकता कामा नये. स्किन त्या कडेवरच टेकते. तिथे तांदळाच्या कणीएवढा उंचवटा असला, तरी ड्रम जन्मभर एका बाजूला बेसूर राहतो आणि तू रॉड पिळत बसतोस.

मग रिकामं शेल काउंटरच्या काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेव, आत मोबाइलची बत्ती लाव, खोलीतला दिवा बंद कर आणि कडेच्या पातळीवर डोळा आणून गोल फिर. वरची कड खाली ठेवली असेल तर कुठूनही उजेड दिसायला नको. खालची कड ठेवलीस तर समोरासमोर दोन ठिकाणी उजेडाची बारीक फट दिसेल. ती खोट नाही. तारांचा पट्टा स्किनला सपाट चिकटावा म्हणून तिथे कड मुद्दाम किंचित दाबलेली असते. त्या दोन जागा सोडून तिसरीकडे उजेड दिसला तर ड्रम कधीतरी पडलेला आहे. तो परत कर.

रिम काढलेलीच असते, तीही त्याच ओट्यावर ठेवून बोटाने दाब. डुगडुगली तर वाकलेली आहे. स्वस्त ड्रमला पत्र्याची 1.6 मिलिमीटरची रिम असते, जरा बऱ्याला 2.3 ची. हा आकडा किरकोळ वाटेल, पण रिम आणि स्किन एकाच फटक्यात वाजवणारा रिमशॉट मारलास की कळतं, पातळ रिम चटक्यासारखी वाजते आणि काही महिन्यांत अंडाकृती होते. ओतीव रिम त्याहून जड, ती स्टीलची झणझण आवरते, पण तिची किंमत वेगळी. आज पातळ रिमवर भागव, पुढे फक्त वरची बदल.

रॉड एकेक करून चावीशिवाय, नुसत्या बोटांनी फिरव. दहाही रॉड तेलावर असल्यासारखे आत जायला हवेत. एखादा अडखळला तर लगमधले, म्हणजे रॉड ज्यात फिरतो त्या शेलवरच्या खोबणीतले, आटे गेलेत की रॉड वाकलाय, ते रॉड अदलाबदल करून ठरव. रॉड फुटकळ पैशात मिळतो. लग मात्र त्याच कंपनीचा शोधावा लागतो आणि तो शोध लांबतो. आठ लगचा ड्रमही वाईट नाही, पण रॉड दहा असले आणि वाजवता वाजवता एखादा सैल पडला तर बाकीचे नऊ सांभाळून घेतात.

थ्रो-ऑफ म्हणजे तारा लावायची-सोडायची ती खिटी. स्वस्त ड्रमचा जीव इथेच जातो. खिटी पुन्हापुन्हा खालीवर कर. ती आवाज न करता पडली पाहिजे आणि वर गेल्यावर तिथेच थांबली पाहिजे. मग स्किन परत चढवून, तारा ताणलेल्या असताना बाजूचा गोल नॉब फिरव आणि थोडा वेळ जोरात रोल वाजव. नॉब आपोआप सैल झाला तर थ्रो-ऑफ बदलावा लागेल. बदलणं सोपं आहे, पण प्रत्येक कंपनी स्क्रूच्या भोकांमधलं अंतर वेगळं ठेवते. आधी पट्टी लावून मोज, मग नवा आण. स्टीलच्या शेलला घरी ड्रिल मारायच्या फंदात पडू नकोस.

तारा वीस असतात साधारण. ड्रम उलटा करून डोळ्यांच्या रेषेत धर, सगळ्या सरळ आणि सपाट झोपलेल्या दिसल्या पाहिजेत. एखादी लोंबत असेल तर कटरने दोन्ही टोकांना कापून टाक, एकोणीस तारांनी काही बिघडत नाही. चार-पाच लोंबत असतील तर पट्टाच बदल.

पैशाचं गणित सांगतो. जवळ जेवढे असतील त्यातले सगळे ड्रमवर घालू नकोस. दोन नव्या स्किन आणि तारांचा एक पट्टा एवढे बाजूला काढ. स्वस्त ड्रमसोबत येणाऱ्या स्किन प्लास्टिकच्या डब्यासारख्या बोलतात, त्यांच्यावरून ड्रमची परीक्षा करू नये. वर रेमोची कोटेड अँबॅसेडर किंवा इव्हान्सची कोटेड जी-वन, जे मिळेल ते. खाली स्नेअर-साइडचीच स्किन हवी, साधी नाही. अँबॅसेडरमध्ये वरची दहा मिलची तर खालची तीन मिलची असते (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे). इतकी पातळ असते म्हणूनच तारा हलक्या ठोक्यालाही थरथरतात. खालच्या स्किनवर काठी मारायची नाही आणि ड्रम त्या बाजूने फरशीवर टेकवायचा नाही. मधल्या दर्जाच्या स्टीलवर चांगल्या स्किन चढवल्या, तर महाग ड्रमच्या जुन्या, मेलेल्या स्किनला तो सहज खातो.

सूर लावणं सगळे टाळतात, म्हणून सगळ्यांचे स्नेअर डबा वाटतात. आधी खालची बाजू. सगळे रॉड बोटांनी टेकतील तेवढे घट्ट कर, मग समोरासमोरच्या जोड्या धरून चावीचा अर्धा-अर्धा फेरा देत जा. शेजारचा रॉड लगेच पिळायचा नाही. खालची बरीच ताणायची, अंगठा दाबला तर जेमतेम दबेल इतकी. मग वरची, तिच्याहून थोडी कमी. स्किनच्या मध्यावर एक बोट अलगद ठेव आणि प्रत्येक रॉडसमोर, रिमपासून इंचभर आत, काठीच्या टोकाने टिचकी मार. दहाही जागी एकच सूर येईपर्यंत उठायचं नाही. नवी स्किन दुसऱ्या दिवशी उतरते, तेव्हा पुन्हा बस.

एवढं करूनही स्टील झणझणणारच, तो त्याचा स्वभाव आहे. ही झणझण कानापाशी जितकी जाणवते तितकी सभागृहात जाणवत नाही, गिटार आणि ढोलकी सुरू झाली की ती विरून जाते. म्हणून घरात बसून ती मारून टाकू नकोस. फारच त्रास झाला तर जुन्या स्किनची बाहेरची कड कापून इंचभर रुंदीचं कडं कर आणि नव्या स्किनवर नुसतं ठेव. फुकटात काम होतं. पूर्वी आमचे ऑर्केस्ट्रावाले स्किनवर पैशाचं पाकीट ठेवायचे, तेही चालतं, फक्त कार्यक्रम संपल्यावर उचलायला विसरायचं नाही.

बेस गिटार वाजला की स्नेअर आपोआप चरचरतो, त्याची तक्रार घेऊन तू माझ्याकडे येणारच. आताच सांगतो. तारांच्या पट्ट्याची दोन्ही टोकं जिथे येतात, त्यांच्या दोन्ही अंगांचे खालचे रॉड, म्हणजे एकूण चार, पाव फेरा सैल कर. चरचर पूर्ण जाणार नाही, पण माइकमध्ये येईनाशी होईल. आणि संथ गाण्यात स्नेअर नसेल तेव्हा खिटी पाड. खिटी त्यासाठीच आहे.

कान तयार करायचा तर आर. डी. बर्मनची गाणी काढ, फ्रँको वाझ आणि लेस्ली गोदिन्हो या ड्रमरांच्या काळातली. एक गाणं घे, गायक, गिटार सगळं विसर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा ठोका तेवढा ऐक. किती कोरडा, किती लांब, तारा किती ऐकू येतात. मग तुझ्या ड्रमवर तेवढं आणायचा प्रयत्न कर.

आपल्या हवेत स्टीलला खरा शत्रू पावसाळा. क्रोम शाबूत आहे तोवर चिंता नाही, पण ओरखडा पडला की त्यातून गंज आत शिरतो, आणि कोकणात, गोव्यात खारी हवा ते काम दुप्पट वेगाने करते. वाजवून झालं की घामाचे हात लागलेली जागा सुती कापडाने पूस. जूनच्या आधी एकदा रॉड काढून आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दे. ड्रम प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचा नाही, आत दमटपणा धरतो. कापडी बॅगेत ठेव, औषधांच्या डब्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या चार-पाच टाक.

चाळीत राहतोस, स्टीलचा रिमशॉट दोन मजले खाली जातो. सरावाला रबरी पॅड वापर, ड्रम आठवड्यातून दोनदा दुपारी काढ, आणि वाजवताना कानात बोळे घाल. बोळे घालायचे म्हणजे घालायचेच. मोठ्या आवाजाने गेलेली ऐकण्याची ताकद परत येत नाही.

शनिवारी दुकानात जाताना चावी, स्वतःच्या काठ्या, चुंबक आणि मोजपट्टी घेऊन जा. दुकानातल्या काठ्यांनी ड्रम पारखू नकोस. आणि एखादा पसंत पडला तर बिल करायच्या आधी मला फोन लाव, थ्रो-ऑफची खिटी पाडून फोनजवळ धर. मी आवाजावरून सांगतो.