दिवाळीआधी कॅसेट पोचली पाहिजे

उरणच्या बाजारपेठेत माझं गेमचं छोटं दुकान होतं, १९९६ पासून २०२१ पर्यंत. मोऱ्याहून लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडवरून माल पिशव्यांत भरून आणायचा. सुरुवातीला टीव्ही गेम आणि त्यांच्या कॅसेट, मग सीडी, मग प्लेस्टेशनच्या डिस्क. कोणत्या तारखेला काय विकलं गेलं ते एका लांब वहीत लिहीत गेलो. दुकान बंद केलं, वही ठेवली. मोठ्या कंपन्या गेम बाजारात आणायची तारीख कशी ठरवतात हे मी पुढे वाचत गेलो, आणि त्यातलं बरंचसं वहीत आधीच सापडलं.

१. आधी पैसा कधी येतो ते बघावं.
पहिल्या वर्षी मी नाताळसाठी वीस टीव्ही गेम आणले. खपले तीन. चूक माझीच होती, कारण मी मुंबईच्या दुकानांची सजावट बघून माल भरला होता, उरण बघून नाही. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेनंतर होड्या जोमाने धंद्याला लागतात आणि करंजा-मोऱ्याच्या कोळीवाड्यांत दसऱ्याच्या सुमारास पैसा खेळू लागतो. बंदरातल्या, ओएनजीसीतल्या, गोदामांतल्या कामगारांचा बोनस दिवाळीच्या तोंडावर येतो. त्याच आठवड्यात शाळांना सुट्टी लागते. पैसा आणि रिकामा वेळ एकदम हातात येण्याचे हे वर्षातले पंधरा दिवस. एक आई करंज्याहून यायची आणि म्हणायची, “दादा, पोरासाठी एक बाजूला ठेव, बोनस झाला की नेते.” तिच्या त्या एका वाक्यात अख्ख्या धंद्याचं वेळापत्रक होतं.

अमेरिकेत हेच नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला सुरू होतं आणि नाताळपर्यंत चालतं. त्यामुळे तिकडचे मोठे गेम ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, म्हणजे भेटवस्तूंची खरेदी सुरू होण्याआधी लोकांच्या तोंडी नाव झालेलं असतं.

२. दिवाळीचा माल गणपतीतच वाटेला लागलेला असावा.
हे उरणकराला शिकवावं लागत नाही. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं तेव्हापासून आम्ही सणांचा मोसम ट्रेलरच्या रांगांवरून ओळखतो. चीनमधले कारखाने १ ऑक्टोबरपासून आठवडाभर बंद असतात. त्याच्या आत कंटेनर जहाजावर चढला नाही, तर समुद्रातले दोन-तीन आठवडे, मग कस्टम, मग गोदाम, आणि तोवर भाऊबीज होऊन गेलेली असते. डिस्कच्या गेमचंही तसंच होतं. गेम पूर्ण झाला की मूळ प्रत कारखान्यात जायची, त्याला ‘गोल्ड’ झाला म्हणत. तिथून छपाई, खोकी, वाहतूक, दुकान. तारीख नोव्हेंबरची असली तरी काम करणाऱ्यांची खरी मुदत कितीतरी आधी संपायची.

३. दोन मोठ्यांच्या मधे उभं राहू नये.
वहीतलं २०१६ चं पान मी पुन्हा पुन्हा बघतो. ‘टायटनफॉल २’ आला २८ ऑक्टोबरला. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. खरेदीला याहून चांगला मुहूर्त कुठला? पण त्याआधी आठवडाभर, २१ तारखेला, ‘बॅटलफील्ड १’ आला होता, आणि पुढच्या आठवड्यात, ४ नोव्हेंबरला, ‘कॉल ऑफ ड्यूटी’चा नवा भाग येणार होता. तिन्ही बंदुकांचे गेम, एकाच वयाच्या मुलांसाठी. त्यातले दोन तर एकाच प्रकाशकाचे, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे.

माझ्याकडे येणाऱ्या मुलाकडे वर्षभर साठवून एका डिस्कचे पैसे असायचे. तो आधी ‘बॅटलफील्ड’ बघायचा, मग “काका, चार तारखेपर्यंत थांबतो” म्हणायचा. मधल्या गेमला हातसुद्धा लागत नव्हता. समीक्षकांनी त्याची मनापासून तारीफ केली होती, मी स्वतः तो खेळलो आणि त्या वर्षी मला सर्वांत आवडलेला गेम तोच. तरी विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली आणि महिन्याभरात अमेरिकेत त्याची किंमत उतरली. इतक्या माणसांची मेहनत केवळ तारखेपायी झाकोळली, याचं मला आजही वाईट वाटतं. चांगला मुहूर्त आणि मोकळी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढचं पान कोरं आहे. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि दोन आठवडे दुकानात कुणी फिरकलं नाही.

४. ज्याची वाट बघितली जाते, तो स्वतःचा सण घेऊन येतो.
‘जीटीए ५’ बहुतेक जगात १७ सप्टेंबर २०१३ ला आला. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. आमची सगळी मुलं ढोल-ताशात होती. विसर्जन आटोपून, अंगावर गुलाल तसाच ठेवून, चौघं दुकानात आली. नाताळ तीन महिने लांब होता, तरी त्या गेमने तीन दिवसांत शंभर कोटी डॉलरची विक्री गाठली. असं भाग्य फार थोड्यांचं. बाकीच्यांनी त्याची तारीख बघून आपली ठरवावी.

५. सणासाठी अर्धवट काम बाहेर काढू नये.
१९८२ च्या नाताळासाठी अटारी कंपनीने ‘ई. टी.’ चित्रपटावर गेम काढायचं ठरवलं. बनवणाऱ्या हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना वेळ मिळाला जेमतेम पाच आठवडे. एरवी अशा कॅसेटला महिनेच्या महिने लागत. नाताळ गाठला, पण ढीगभर कॅसेट पडून राहिल्या, आणि १९८३ साली इतर मालाबरोबर न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत गाडल्या गेल्या. २०१४ साली त्या खणून काढल्या. मी त्यांचे फोटो बघितले तेव्हा मला तो गेम बनवणारा माणूस दिसला, पाच आठवडे न झोपलेला.

अडतीस वर्षांनी पुन्हा तेच. ‘सायबरपंक २०७७’ तीनदा पुढे ढकलून १० डिसेंबर २०२० ला, नाताळाआधी आणला. जुन्या कन्सोलवर तो धड चालत नव्हता. आठवड्याभरात सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि परत आला तो थेट पुढच्या जूनमध्ये. वाढदिवसाला मिळालेली सीडी अडकते म्हणून परत घेऊन आलेल्या मुलाचा चेहरा मी बघितलेला आहे. तो पुढच्या वेळी मोठ्या आशेने येत नाही.

६. हिशेबाचं वर्षही एक सणच असतो.
इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, सोनी, निन्टेन्डो यांचं आर्थिक वर्ष आपल्या पतपेढीसारखं ३१ मार्चला संपतं. दिवाळी-नाताळ चुकलेला गेम फेब्रुवारी-मार्चमध्ये का येतो, हे कोडं त्यामुळे सुटतं. आमच्याकडे मात्र तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा. गल्ला रिकामा.

७. त्यांचं कॅलेंडर आपल्या भिंतीवर टांगू नये.
प्लेस्टेशन ५ अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२० ला आला, आपल्या लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी. भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. ‘जीटीए ६’ची हे लिहिताना जाहीर असलेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे. थँक्सगिव्हिंगच्या बरोबर एक आठवडा आधी, पण आपलं लक्ष्मीपूजन तेव्हा होऊन अकरा दिवस झालेले असतील.

म्हणून पुण्यातल्या मुलांचं काम बघून मला भरून येतं. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आधी ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला आणि १५ ऑक्टोबरला संगणक व इतर कन्सोलवर. दोन दिवसांनी घटस्थापना होती, आणि गेममधल्या राजीच्या पाठीशी दुर्गाच उभी आहे. सुपरगेमिंगचा ‘इंडस’ आला १६ ऑक्टोबर २०२४ ला, कोजागिरीच्या दिवशी. या तारखा ठरवून जुळल्या की आपोआप, काही असो. वहीत दोन्ही तारखा लिहून त्यांखाली मी लाल रेघ मारली आहे.

८.
माझा पुतण्या मोबाइलसाठी एक लहानसा गेम बनवतो आहे. ओहोटीचा गाळ चुकवत मोऱ्याहून होडी काढायची आणि भाऊच्या धक्क्याला लावायची, एवढाच खेळ. आता ना कंटेनर लागत ना डिस्क, तरी परवा त्याने विचारलं, “काका, दिवाळीत काढू?”

मी वही उघडली. दिवाळीत मोठ्यांची गर्दी, तुझी होडी कुणाला दिसायची नाही. नारळी पौर्णिमा बघ. होडीचाच सण आहे, आणि त्या दिवसांत माझी पानं बहुतेक मोकळी आहेत. त्याला पटलं. मग जरा थांबून म्हणाला, “पण काका, लाटेवर होडी अजून नीट डोलत नाही. मधेच पाण्याखाली जाते.”

“मग या वर्षीची पौर्णिमा जाऊ दे,” मी म्हटलं.