अननसाच्या कोष्टकात नसलेला रकाना

उत्तर कोलकात्यातील बागबाजार हे नाव मराठी वाचकाला इतिहासातून परिचित असावे. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये खणलेला ‘मराठा खंदक’ याच भागातून सुरू होत असे. आषाढ-श्रावणात कोलकात्यात येणारा अननस मात्र पाचशे किलोमीटरहून अधिक दूरच्या सिलिगुडीजवळील विधाननगर परिसरातूनही येतो. त्याला तेथे ‘आनारस’ म्हणतात. तो शब्द व आपला ‘अननस’ ही पोर्तुगीजांबरोबर आलेल्या एकाच नावाची रूपे होत.

विधाननगरचा मुख्य हंगाम जून ते ऑगस्ट असतो. सारा माल एकदम पिकतो, भाव कोसळतो आणि मग ‘आपली उत्पादकता कोस्टारिकाच्या तुलनेत किती कमी’ ही चर्चा सुरू होते. ही तुलना कशी वाचावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार १९६१ मध्ये जगाचे अननस उत्पादन सुमारे ३८ लाख टन होते. अलीकडे ते २.८ कोटी टनांच्या आसपास आहे. भारताचे कापणीखालील क्षेत्र एक लाख हेक्टरांहून थोडे अधिक व उत्पादन १७ ते १८ लाख टन, म्हणजे हेक्टरी सरासरी सुमारे १७ टन. कोस्टारिका सुमारे ४० हजार हेक्टरांतून २६ लाख टन वा त्याहून अधिक काढतो. हेक्टरी ६५ टनांच्या घरात. हा फरक खरा आहे, पण तो सरळ नाही. तेथे हेक्टरी ६५ ते ७० हजार झाडे असतात व एक-दोन पिके घेऊन शेत मोडले जाते. आपल्याकडे शिफारसच ४३ ते ५३ हजारांची आहे, खोडवा तीन-चार वर्षे राखला जातो आणि ईशान्य भारतातील बरेच क्षेत्र डोंगरउतारावर, सिंचनाविना आहे.

कालप्रवाह पाहिल्यास चित्र आणखी बदलते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डबाबंद अननसावर हवाईचे वर्चस्व होते. पुढे मजुरी व जमीन महागली आणि कारखानदारी फिलिपिन्स व थायलंडकडे सरकली. युरोपच्या ताज्या फळांच्या बाजारात १९८०च्या दशकात आयव्हरी कोस्ट आघाडीवर होता. १९९६ मध्ये ‘एमडी-२’ हा गोड, टिकाऊ वाण बाजारात आला. कोस्टारिकाने तो उचलला आणि आयव्हरी कोस्ट मागे पडला. या वाणाची पैदास हवाईतच झाली होती, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

आता कीटकशास्त्रज्ञाच्या नजरेने. हवाईत बागांच्या बागा ‘मर’ रोगाने ओस पडत होत्या. पाने तांबूस होत, शेंडे खाली वळून वाळत, मुळे कुजत. वॉल्टर कार्टर यांनी १९३०च्या दशकात या रोगाचा संबंध पिठ्या ढेकणाशी जोडून दाखवला. संबंधित विषाणूंची ओळख पुष्कळ नंतर पटली. या ढेकणाला मुंग्या सांभाळतात. त्याने स्रवलेल्या मधुरसासाठी त्या त्याच्या शत्रूंना हुसकावतात. मुंग्या आवरल्या की ढेकूणही आवरतो. ‘डिस्मिकोकस ब्रेव्हिपेस’ ही त्यातील प्रमुख प्रजाती भारतातही आहे आणि ती फुटव्यांबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. लागवड दाट करताना हेक्टरी जे १५-२० हजार जादा फुटवे आणावे लागतील, ते कोठून येणार, हा प्रश्न म्हणूनच टनांच्या आधी विचारला पाहिजे.

कोस्टारिकाच्या आकड्यामागे आणखी एक खर्च आहे, जो कोणत्याच कोष्टकात येत नाही. शेत मोडल्यावर उरणाऱ्या ओल्या, कुजत्या अवशेषांत ‘स्टोमोक्सिस कॅल्सिट्रान्स’ ही रक्त शोषणारी माशी प्रचंड प्रमाणात वाढते व शेजारच्या गोठ्यांवर तुटून पडते. जनावरे अस्वस्थ होतात, चरणे सोडतात, दूध घटते. अननसाचे उत्पन्न एकाचे आणि माशीचा भुर्दंड दुसऱ्याचा. अवशेष बारीक करून गाडणे, चिकट सापळे लावणे हे उपाय तेथे करावे लागतात. याशिवाय भूजलात आढळल्यामुळे ‘ब्रोमासिल’ या तणनाशकावर त्या देशाने २०१७ मध्ये बंदी घातली. जमेच्या बाजूला ६५ टन लिहिताना ही वजाबाकी कोठेच मांडली जात नाही.

विधाननगरची अडचण टनांची कमी आणि एकदम पिकण्याची अधिक आहे, असे माझे मत आहे. केरळातील वाझाकुलम येथे फुलोरा टप्प्याटप्प्याने घडवून वर्षभर फळ विकले जाते. त्यासाठी झाडाला ३५ ते ४० पाने आल्यावर २५ पीपीएम इथेफॉन, २ टक्के युरिया व ०.०४ टक्के कॅल्शियम कार्बोनेट यांचे ५० मिलि द्रावण पोंग्यात ओततात. दोडामार्ग परिसरात अननस घेणाऱ्या आपल्या बागायतदारांनाही हे शक्य आहे. तत्पूर्वी फुटवे निरोगी बागेतूनच घ्यावेत. खालची पाने सोलून, बुडख्याशी पांढरा कापसासारखा थर दिसल्यास तो फुटवा बाजूला काढावा आणि उरलेले आठवडाभर सावलीत सुकवूनच लावावेत. बांधावरील मुंग्यांची वारुळे लागवडीच्या आधी पाहून ठेवावीत. पावसाळा सुरू झाल्यावर ती सहसा नजरेस पडत नाहीत.