जुनी गाडी पेट्रोल जास्त खाते? आधी तपास, मग खर्च

थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे ते रितेही होते. व्यापारी माणूस गजामागे आठ आण्यांचा फरक पडला तरी जाब विचारतो; पण दारात उभी असलेली गाडी महिन्याला किती पेट्रोल उगाच जाळते, हे तो पाहत नाही. काही व्यापारी बंधूंकडे अजून प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर किंवा कार्बोरेटरवाली मारुती आहे. हा धडा त्यांच्यासाठी आहे.

प्रथम हिशेब पाहू. गाडी महिन्याला १००० किलोमीटर चालते. लिटरला १४ किलोमीटर मिळत असतील तर सुमारे ७१ लिटर लागतात. तेच १० वर आले तर १०० लिटर. म्हणजे २९ लिटर वाया. लिटरचा भाव १०० रुपये धरला तरी वर्षाचे सुमारे ३४ हजार रुपये झाले. एवढ्या रकमेत लहान दुकानदार चांगला माल भरू शकतो.

कार्बोरेटरचे काम हवा व पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळण्याचे. वजनाने एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल वाढले किंवा हवा कमी पडली की मिस्त्री लोक मिश्रण 'रिच' झाले म्हणतात. त्याची लक्षणे अशी: सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लगवर कोरडी काजळी, आयडलिंगला गाडी अडखळणे व गरम इंजिन पुन्हा चालू न होणे. धूर निळसर व प्लग तेलकट असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. तो आजार वेगळा. रिच गाडी तशीच चालवली तर जादा पेट्रोल सिलिंडरवरचे तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते आणि इंजिनची झीज वाढते.

आता तपासाचा क्रम. आम्ही सांगू तो असा की फुकटचे आधी पाहावे, खर्चाचे शेवटी.

१) टाकी पूर्ण भरून खरे अॅव्हरेज काढा. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा ब्रेक चिकटत असेल तरी पेट्रोल जास्त जाते. त्यात कार्बोरेटरचा दोष नाही.

२) ठिणगी पाहा. पॉइंट जळालेले, प्लगचा गॅप चुकलेला किंवा टायमिंग मागे असेल तर मिश्रण बरोबर असूनही प्लग काळे पडतात.

३) एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. धाग्याच्या कसाने व धुळीने तो लवकर बुजतो. बुजलेला असेल तर बदला.

४) चोक पाहा. डॅशबोर्डवरचे बटण पूर्ण आत ढकलल्यावर कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप सरळ उभी राहिली पाहिजे. केबल गंजून झडप अर्धी मिटलेली राहते, आणि मालकाला वाटते चोक बंद आहे.

५) फ्लोट व निडल व्हॉल्व्ह. घरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो, तसाच हा प्रकार. फ्लोट वर आला की निडल पेट्रोल बंद करते. निडल झिजली, तिच्याखाली कचरा अडकला किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो जड झाला की पातळी वर चढते. फिल्टर काढून आयडलिंगला आत पाहावे; मुख्य नळीतून थेंब गळत असतील तर दोष बहुधा इथेच. फ्लोट हलवून आतून आवाज येतो का ऐका. फुटका फ्लोट डाग देऊन वापरू नये, आत पेट्रोलची वाफ असते, नवा घालावा. नवी निडल घालूनही पातळी चढत असेल तर पेट्रोल पंपाचा दाब तपासून घ्यावा.

६) जेट सर्वांत शेवटी. बारीक तार घालून जेट साफ करण्याची सवय वाईट. पितळेचे भोक नकळत मोठे होते आणि गाडी कायमची रिच होते. हवेच्या दाबाने साफ करावे. हवेचे बारीक जेट बुजले तरी मिश्रण रिच होते, हेही ध्यानात ठेवावे.

मिश्रणाचा स्क्रू हे सर्व झाल्यावरच फिरवावा, आणि आधी किती फेरे आहेत ते मोजून लिहून ठेवावे. पद्मिनीसारख्या गाडीत तो आत घेतला की पेट्रोल कमी होते. पूर्ण आत घेऊनही आयडलिंगला इंजिन बंद पडत नसेल तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येत आहे असे समजावे. स्क्रू दाबून घट्ट करू नये, टोक खराब होते.

'पेट्रोलच खराब येते' असे गॅरेजवर हल्ली ऐकू येते. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाते हे खरे. पण इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागते, म्हणून त्याने मिश्रण उलट पातळ होते. रिच होण्याचा दोष सरळ त्याच्यावर टाकता येत नाही. मात्र ते जुन्या रबरी नळ्या व डायफ्राम खराब करते आणि टाकीतला जुना मळ सोडवते. तो मळ निडलखाली अडकतो. म्हणून पेट्रोल फिल्टर वेळेवर बदलावा.

काम मोकळ्या जागी, इंजिन गार करून, बॅटरीची तार काढून करावे. जवळ विडी-काडी नसावी. ज्या तपासाला इंजिन चालू ठेवावे लागते, तो शटर लावलेल्या गोदामात कधीही करू नये. काळ्या धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला वास नाही, आणि तो जीव घेतो.

दुरुस्तीआधी व नंतर पीयूसीची पावती घ्या. सन २००० पूर्वीच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. दोन पावत्यांतला आकडा उतरला असेल तर काम झाले. मिस्त्रीच्या तोंडी खात्रीपेक्षा हा पुरावा पक्का. एका वेळी एकच भाग बदलावा आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. चांगला मिस्त्री यावर रागावत नाही. त्याची मजुरी मात्र घासाघीस न करता द्यावी. खऱ्या कारागिराचा एक तास स्वस्त पार्टच्या दहा खोक्यांहून जास्त वाचवतो.