कोरड्या नदीत उतरताना

मुकुटबनला पाहायला काय आहे, असं बाहेरून आलेला माणूस विचारतो, तेव्हा त्याला सिमेंटचा कारखाना, कोळशाची खाण आणि माजरी-आदिलाबाद मार्गावरचं स्टेशन एवढंच ठाऊक असतं. मी त्याला पैनगंगेकडे पाठवतो, तेही उन्हाळ्यात. पावसाळ्यात ही नदी सगळं पोटात घालून बसते. मे महिन्यात पाणी आटून एका धारेवर येतं, काठाच्या दरडी उभ्याच्या उभ्या उघड्या पडतात आणि पात्रातला खडक दिसायला लागतो. पारा ४५ अंशांवर, सावली नाही, चहूकडे रेती आणि कातळ. वाळवंटातल्या नद्यांच्या घळी कशा असतात हे पाहायला राजस्थान किंवा अमेरिकेलाच जायला हवं असं नाही.

झरी-जामणी आणि वणी तालुक्यांत जमिनीखाली जे दडलंय, ते महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी इतकं जवळजवळ सापडतं. सगळ्यांत जुना थर चुनखडीचा. मुकुटबन, पलीकडे कोरपना, गडचांदूर, आवारपूर, या साऱ्या पट्ट्यातले सिमेंटचे कारखाने याच चुनखडीवर उभे आहेत. भूशास्त्रात या खडकांच्या गटाला पैनगंगेचंच नाव आहे. हा गाळ समुद्राच्या तळाशी साचला तेव्हा डोळ्यांना दिसेल असा एकही प्राणी पृथ्वीवर नव्हता. त्यानंतर वर्धेच्या खोऱ्यातला गोंडवन काळाचा वालुकाश्म आणि कोळसा, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेल्या लाव्ह्याचा काळा दगड. काही ठिकाणी चुनखडीच्या थेट वर काळा दगड बसलेला दिसतो. मधल्या कोट्यवधी वर्षांचा तिथे मागमूसही नाही. जे साचलं असेल ते लाव्हा येण्याआधीच धुपून गेलं.

पोरांना घेऊन गेलो की मी खिशात लिंबू ठेवतो. करड्या दगडावर खिळ्याने ओरखडा काढायचा, पडलेल्या पांढऱ्या भुकटीवर दोन थेंब पिळायचे. कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते, बुडबुडे दिसतात. तेच काळ्या दगडावर केलं तर काही होत नाही. चुनखडीचे थर बोटभर जाडीचे, कुठे राखाडी, कुठे फिकट गुलाबी. दोन थरांच्या मध्ये मातीची रेघ, नखाने खरवडली तर निघून येते. तासन्‌तास बसावं असं ते ठिकाण असतं, आणि पंचाईत नेमकी इथेच होते. दगडात रमलेल्या माणसाचं पाण्याकडे लक्ष नसतं.

मृग लागून चार दिवस झाले होते. आमच्याकडे टिपूस नव्हता, लोक धूळपेरणी करून आभाळाकडे पाहत होते. आम्ही पाच-सहा जण, त्यांत शिकती पोरं जास्त, पात्राच्या मधोमध असलेल्या उंच कातळावर थर मोजत बसलो होतो. ऊन लख्ख. काठाजवळच्या धारेवर कोलामपोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा एक म्हातारा शेळ्यांना पाणी पाजत होता. त्याने हाक मारली, ‘‘गुर्जी, पोरायले बाहेर घ्या. पानी येऊन राह्यलं.’’

मी आभाळाकडे पाहिलं. त्याने मात्र धारेकडे बोट दाखवलं. घोट्याएवढी, तळ दिसणारी धार चहासारखी गढूळ झाली होती. तिच्यावर काड्या, पळसाची सुकी पानं, शेणाचा चुरा आणि पिवळट फेस तरंगत होता. शेळ्यांनी तोंडं वर काढली होती.

सिनेमात दाखवतात तशी पाण्याची भिंत काही आली नाही. पाणी सखल जागा धुंडाळत सरकत आलं, आणि सगळ्यांत सखल जागा होती ती काठालगतची धार. आम्ही बसलो होतो तो कातळ चांगला उंच, कोरडा ठणठणीत. बुडाली ती आमची परतायची वाट. उठून सामान गोळा करेपर्यंत पाणी गुडघ्याला लागलं, शेवटचा पोरगा उतरला तेव्हा त्याच्या कमरेला. त्याचा पाय दोन दगडांच्या फटीत अडकला. म्हाताऱ्याने काठी पुढे केली, आम्ही दोघांनी दंडाला धरून ओढलं. पाय मुरगळला, एक पिशवी वाहून गेली, एवढ्यावर निभावलं. संध्याकाळी तिथे कातळ आहे असं कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. आदल्या रात्री वर उमरखेड-किनवटच्या पट्ट्यात धो-धो पाऊस झाला होता.

म्हणून कुणी नदीत उतरायचं म्हटलं की मी आधी नकाशा काढायला लावतो. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. तिला हिंगोलीकडून कयाधू मिळते, पुसदकडून पूस, वाशीमच्या बाजूने अरुणावती आणि अडाण. म्हणजे आपल्या पायाखालून जाणारं पाणी चार-पाच जिल्ह्यांचं असतं आणि आपल्या डोक्यावरचं आभाळ त्याबद्दल काहीही सांगत नाही. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये अँटिलोप नावाची अरुंद घळ आहे, दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागावेत अशी. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिथे ११ पर्यटक पुरात गेले. पाऊस घळीवर फारसा पडलाच नव्हता, कित्येक मैल वर पडला होता.

आणि पाण्याला नेहमी पाऊसच लागतो असंही नाही. ८ जून २०१४ ला हिमाचलात बियास नदीच्या पात्रात फोटो काढत उभी असलेली हैदराबादची इंजिनिअरिंगची २४ मुलं वाहून गेली, ती वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्याने. आमच्या नदीवरही वर इसापूरचं धरण आहे, अरुणावतीवर, अडाणवर, पूसवर धरणं आहेत. विसर्ग करायचा असला की नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा दिला जातो, दवंडी होते, मोबाईलवर निरोप फिरतात. पण तो निरोप गावात पोहोचतो, पात्रात नाही. दरडीखाली रेंज नसते; असलीच तर तेलंगणातल्या टॉवरची. तेव्हा उतरण्याआधी काठच्या गावात चहाला थांबावं, सरपंच, पोलीस पाटील, निदान टपरीवाला यांच्या कानावर घालावं. वरच्या अंगाला कुणी ओळखीचं असेल तर फोन करून आजचा नव्हे, कालचा पाऊस विचारावा. पाण्याला इथवर यायला वेळ लागतो, आणि तोच वेळ आपल्या हाताशी असतो.

दरडीच पुराची उंची सांगतात, पण बघायची नजर हवी. काठावरच्या करंज-जांभळाच्या फांद्यांत माणसाच्या डोक्याच्या वर गवताचे पुंजके, प्लास्टिक, फाटकी लुगडी अडकलेली असतात. तिथवर पाणी गेलेलं असतं. दगड कुठपर्यंत गुळगुळीत आहे आणि कुठून खरबरीत होतो, ही रेषाही बोटाने दाखवता येते. मी पोरांना आधी ही रेषा शोधायला लावतो आणि मगच थर मोजायला बसवतो. जेवणाचा डबा त्या रेषेच्या वर ठेवायचा. असं केलं की माणसं सावलीला आपसूक वर जाऊन बसतात. नुसतं सांगून कुणी जात नाही.

रेतीच्या खड्ड्यांबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण पूर वर्षातून काही दिवस येतो आणि हे खड्डे बारमाही झाले आहेत. रेतीघाटांवर जेसीबी उतरतो, हायवा भरून जातात आणि मागे दोन-दोन पुरुष खोल खड्डे राहतात. पावसाळ्यात त्यांत पाणी भरतं आणि वरून सगळं सारखंच दिसतं. गुडघ्याएवढ्या पाण्यात चाललेला माणूस पुढच्या पावलाला डोक्यावरून खाली जातो. जुने डोह गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचे, त्यांना नावं होती, तिथे पोरं जात नसत. हे नवे डोह दर वर्षी जागा बदलतात. पाण्यात उतरायचंच झालं तर हातात उंच काठी हवी, तिने तळ चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि पोहता येतं या भरवशावर तर मुळीच जाऊ नये. खड्ड्याची कड रेतीचीच असते, वर यायला धरावी तर हातात येते.

वाघाचं बोलल्याशिवाय आमच्याकडची गोष्ट पुरी होत नाही. टिपेश्वर अभयारण्य जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं, तिथले तरुण वाघ नाल्या-नद्यांच्या काठाकाठाने बाहेर पडतात. २०१९ मध्ये तिथूनच निघालेला ‘वॉकर’ तेलंगणात जाऊन, पैनगंगा अभयारण्यातून फिरत थेट बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेराशे किलोमीटरहून जास्त चालला. मे महिन्यात जिथे ओल आणि झुडपांची सावली, तिथे आपल्यालाही बसावंसं वाटतं आणि त्यालाही. अरुंद नाल्यात त्याला पळायला जागा मिळत नाही, धोका तिथे आहे. बोलत चालावं. ताजा माग, गुरांचं ओढलेलं हाडूक किंवा माकडांची ओरड कानावर आली तर त्या दिवशीचा बेत मोडावा. दरडीला आग्या मोहोळ लोंबत असेल तर त्याच्याखाली बिडी पेटवू नये आणि अत्तर लावून तर येऊच नये.

उन्हाचा मला पाण्याइतकाच धसका आहे. कातळ दुपारी तापतो आणि सूर्य कलल्यावरही तासन्‌तास धग सोडत राहतो, म्हणून ‘चारनंतर जाऊ’ हा हिशेब नदीत चुकतो. पहाटे उजाडताना उतरावं, नऊ-दहाला वर यावं. पाणी घरून न्यावं, माणशी चार लिटर तरी, सोबत मीठ-साखर. पात्रातलं डबक्याचं पाणी पिऊ नये हे सगळेच सांगतात. पण झरी आणि केळापूर तालुक्यांत भूजलात फ्लोराइड आहे, म्हणून वाटेतल्या हातपंपाचंही आधी गावात विचारून घ्यावं.

लहान मुलं, वयस्क माणसं बरोबर असतील तर मी नदीचं नाव काढत नाही. शिबला-पारडीला नेतो. २०२१ मध्ये तिथे रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून दगडी खांब निघाले, एकमेकांना चिकटलेले, बहुतेक सहा कडांचे. घडवल्यासारखे इतके रेखीव की एखादं जुनं बांधकामच वाटावं. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते लाव्ह्याचे असल्याचं सांगितलं. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल वाळताना जशा भेगा पडतात, तसाच लाव्हा थंड होताना आक्रसतो, तडकतो आणि तडे खोलवर उतरत जातात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, तिचीही हीच जात. शिबल्याला गाडी रस्त्यापर्यंत जाते, पूर येत नाही आणि आजोबांना खांबाला हात लावता येतो. फक्त आठवण म्हणून तुकडा फोडून नेणारे लोक भेटतात, त्यांना मी तोंडावर हटकतो. नदीत जायचंच असेल त्यांनी संक्रांतीनंतर ते मृगाच्या आधी, एवढ्या दिवसांत यावं. आधी कळवा, म्हाताऱ्याची मुलगी आता काठावर शेळ्या चारते, तिला विचारून सांगतो.