कंपवात आणि रात्रीची लघवी: पाणी तोडण्याआधी मोजा

कंपवाताच्या माणसाला रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागलं की घरचे आधी त्याचं पाणी तोडतात. एटापल्लीसारख्या दुर्गम भागातल्या उन्हाळ्यात हा उपाय दुखण्याहून वाईट. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ वाढतो, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि उभं राहताच रक्तदाब घसरून चक्कर येते. कंपवातात बद्धकोष्ठ आणि चक्कर तशीही पाठीला लागलेलीच असते. शिवाय रात्री उठण्याचं कारण प्रत्येकात एकच नसतं. मेंदूतलं डोपामीन घटल्यानं मूत्राशयावरचा ताबा सुटतो, ते अर्धवट भरलं तरी घाई होते. दुसऱ्या काहींच्या पायांत दिवसभर साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंडं रात्रीच जास्त लघवी तयार करतात. पुरुषांत प्रोस्टेट आणि कोणालाही मधुमेह असू शकतो, तेही तपासायला हवं.

यातलं कारण कोणतं हे ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. खुणा केलेल्या मापात तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसकट लिहा. झोपल्यापासूनची आणि सकाळची पहिली मिळून दिवस-रात्रीच्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरली, तर रात्री लघवी जास्त तयार होते आहे. मग दुपारी पाय उंचावर ठेवून पडावं. पाणी सकाळपासून भरपूर प्यावं, संध्याकाळनंतर मात्र हात आखडता घ्यावा, चहा बंद. दर वेळी थोडी-थोडीच होत असेल तर दोष बहुधा मूत्राशयाचा किंवा प्रोस्टेटचा. तज्ज्ञ दूर आहेत, मोजून काय उपयोग, असं कोणी म्हणेल. पण ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना हा कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं मिळाली तर निम्मं निदान तिथेच होतं. थरथरीसाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल लघवी अडवू शकते. घाई थांबवणाऱ्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्या वयस्कांना भ्रमिष्ट करू शकतात. म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणू नका आणि चालू गोळी मनानं बंदही करू नका.

कारण सापडेपर्यंत सर्वांत मोठा धोका अंधारातल्या वाटेचा आहे. रात्री औषधाचा जोर उतरलेला, अंग आखडलेलं, संडास अंगणापलीकडे आणि पावसाळ्यात मण्यारीचं भय. खाटेजवळ झाकणाचं भांडं आणि हाताशी बॅटरी ठेवा. म्हाताऱ्या माणसांना याची लाज वाटते, आणि ती लाज खरी आहे. आडोशाला पडदा लावला, भांडं न बोलता रिकामं केलं, तर ती कमी होते. अंधारात पडून मोडलेलं खुब्याचं हाड मात्र कित्येकांना कायमचं अंथरुणाला खिळवतं. लघवीला जळजळ झाली, ताप आला किंवा लघवीत रक्त दिसलं तर लगेच दाखवा. लघवी पूर्ण तुंबून ओटीपोट फुगलं तर उजाडायची वाट न पाहता 108 ला फोन करा.